मातींतलें घर

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें पेण मागें टाकलें, वडखळचा नाका ओलांडला, कीं थोड्याच अंतरावर डोलवी हें गांव लागतें. एका अंगाला धरमतरच्या खाडीचें पाणी, दुसऱ्या अंगाला भाताचीं खाचरें, आणि या दोहोंच्या मध्यें पोलादाचा प्रचंड कारखाना, असें या गांवाचें आजचें रूप आहे. पेण येथून दूर नाहीं. आणि पेण म्हटलें कीं महाराष्ट्रांतील कोणत्याहि घराला प्रथम आठवतो तो गणपति. शंभराहून अधिक वर्षें तेथील कारखान्यांत मूर्ति घडत आल्या आहेत, आणि चतुर्थीच्या पुष्कळ आधीं त्या गांवोगांवीं, समुद्रापलीकडेसुद्धां, रवाना होतात. या भागांतल्या मुलाला शाडूची ओळख पाटीपुस्तकाच्याहि आधीं होत असली तर नवल नाहीं. मळलेला गोळा बोटानें दाबला कीं बोटाची खूण उमटते. ती पुसण्याकरितां पुन्हां बोटच फिरवावें लागतें, आणि तेंहि आपली खूण मागें ठेवतें. मूर्तिकाराला ही मातीची खोड वाटते. मनुष्याच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला मात्र हाच तिचा गुण वाटला.

घरांतील माणसें परस्परांशीं कशीं वागतात, कोण कोणाच्या जवळ आहे, कोणाचें वजन कोणावर पडतें, हें तोंडानें सांगावयास लावण्याऐवजीं हातानें घडवावयास व मांडावयास लावणें, ही कुटुंबोपचारांतली एक पद्धति आहे. मराठींत तिला कुटुंबशिल्प म्हणतां येईल. तिचें स्वरूप ध्यानांत येण्याकरितां डोलवींतील एक घर कल्पावें. हें घर खरें नाहीं. परंतु त्यांत अशक्य असेंहि कांहीं नाहीं.

घरांत आजी, बाबा, आई, दहा वर्षांचा एक मुलगा व त्याची धाकटी बहीण. आजोबा दोन वर्षांपूर्वीं वारले. बाबा कारखान्यांत पाळीनें कामाला जातात. कांहीं दिवस उजेडीं, कांहीं दिवस रात्रीं. मुलाच्या पोटांत सकाळीं, नेमकें शाळेच्या वेळीं, दुखूं लागतें. डॉक्टरांनीं तपासलें, पोटांत दोष सांपडला नाहीं. तेव्हां घरानें आपलें निदान केलें : पोर हट्टी झालें, आईनें लाडावून ठेवलें. असें हें सर्व कुटुंब एके दिवशीं मानसोपचार करणाऱ्या बाईंपुढें येऊन बसतें. 'बाळ, तुला घरीं कसें वाटतें?' असें त्या मुलाला विचारलें तर उत्तर ठरलेलें आहे : 'बरें वाटतें.' शेजारीं आजी बसली असतां दुसरें उत्तर यावें तरी कसें? म्हणून बाई तें विचारीतच नाहींत. ओल्या फडक्यांत गुंडाळलेला मातीचा गोळा त्याच्यापुढें ठेवून त्या म्हणतात, 'यांतून तुझ्या घरचीं माणसें कर. सुबक झालीं नाहींत तरी चालेल. मग या पाटावर, जिथें ज्याची जागा असेल तिथें, त्यांना ठेव.'

मुलगा प्रथम आजी करतो. बैठक रुंद, पाया भक्कम. मग आई. बहिणीचा लहानसा गोळा तो आईच्या कमरेला चिकटवतो. मग स्वतःला करतो आणि आई व आजी यांच्या बरोबर मधोमध उभें करतो. बाबांची पाळी सर्वांत शेवटीं येते, आणि तोंपर्यंत माती संपत आलेली असते. लहानसे बाबा तो पाटाच्या अगदीं कडेला, सर्वांकडे पाठ करून आडवे ठेवतो.

येथें या मुलाला क्षणभर सोडून ही कल्पना आली कोठून तें पाहूं जातां, तिचीं मुळें दोन ठिकाणीं सांपडतात. स्वित्झर्लंडमधील हर्मान रोर्शाख यानें १९२१ सालीं शाईच्या डागांची कसोटी प्रसिद्ध केली. डागाला स्वतःचा अर्थ नसतो; दिव्यापुढचें चित्र जसें पडद्यावर पडतें, तसें पाहणारा आपल्या मनांतलें त्या डागावर टाकतो. अमेरिकेंत १९३५ सालीं क्रिस्तियाना मॉर्गन व हेन्री मरे यांनीं संदिग्ध अर्थाचीं चित्रें दाखवून त्यांवर गोष्ट रचावयास लावण्याची रीत पुढें आणली, आणि १९३९ सालीं लॉरेन्स फ्रँक यानें अशा सर्व कसोट्यांना प्रक्षेपण-पद्धति हें समान नांव दिलें. लंडनच्या डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड या त्याच सुमारास मुलांना वाळूची पेटी व लहान लहान खेळणीं देऊन त्यांच्याकडून एक सबंध जग मांडवून घेत असत. एच. जी. वेल्स या कादंबरीकारानें १९११ सालीं जमिनीवर मांडावयाच्या खेळांवर एक छोटें पुस्तक लिहिलें होतें; त्यावरून त्यांना ही युक्ति सुचली.

मराठी घराला असें पुस्तक लागलें नसतें. दिवाळींत अंगणांत किल्ला उभा राहतो, तेव्हां महाराज सिंहासनावर बसावयाचे हें ठरलेलेंच असतें. पण विहिरीवरची पाणी भरणारी बाई, वेशीवरचा पहारेकरी, धाकट्या भावानें आणलेला एक पाय मोडलेला मावळा, यांना जागा कोठें द्यावयाची, हें मूल स्वतः ठरवतें. आणि त्या मावळ्याला बहुधा खंदकांतच जागा मिळते. भातुकलींत आई कोण होते, सासू कोण होते, आणि 'पाहुणे' म्हणून दाराबाहेर कोणाला उभें करण्यांत येतें, हें ज्या माउलीनें माजघरांतून ऐकलें असेल तिला प्रक्षेपण या शब्दाची व्याख्या देण्याची गरज नाहीं. आपलाच स्वर आपल्या मुलीच्या तोंडून ऐकून ती एखादे वेळीं चपापलीहि असेल.

दुसरें मूळ रंगभूमीचें. व्हिएन्नांत वाढलेला व पुढें अमेरिकेंत गेलेला जेकब मोरेनो हा रोग्याला आपलें दुखणें सांगावयास न लावतां करून दाखवावयास लावी. त्याच धर्तीवर १९७० च्या आगेंमागें बोस्टन येथें डेव्हिड कँटर आणि फ्रेड व बनी डूल या दांपत्यानें खऱ्या माणसांचेंच शिल्प करण्याची रीत बसविली, आणि १९७३ सालीं त्यावर एक विस्तृत लेख लिहिला. घरांतल्या एकानें मूर्तिकार व्हावयाचें. इतरांनीं माती व्हावयाचें. मूर्तिकारानें त्यांना हाताला धरून उभें करावें, बसवावें, मान वळवावी, कोणाची दृष्टि कोठें हें ठरवावें, आणि शेवटीं स्वतःची जागा घ्यावी. कांहीं क्षण सर्वांनीं तसेंच निश्चल राहावयाचें, आणि मग प्रत्येकानें आपल्याला त्या जागीं काय वाटलें तें सांगावयाचें. व्हर्जिनिया सटीर या प्रसिद्ध उपचारिका याच कामीं देहाच्या ठेवणीचा उपयोग करीत : गुडघे टेकून मनधरणी करणारा, बोट रोखून दोष देणारा, ताठ उभा राहून कोरडी चिकित्सा करणारा, आणि भलत्याच दिशेला वळून विषय उडवून लावणारा. हे चार पुतळे आपल्या ओळखीचे नाहींत असें म्हणणारें घर विरळाच.

परंतु बोस्टनमधील हा प्रयोग जसाच्या तसा पेण तालुक्यांत करावयाचा म्हटलें तर पहिल्याच पावलाला ठेंच लागेल. सुनेनें सासऱ्याच्या खांद्याला धरून त्याचें तोंड भिंतीकडे फिरवावें, हें होणार नाहीं. आणि आग्रहानें करावयास लावलें तर त्यांतून नात्याचें ज्ञान न होतां संकोचाचें प्रदर्शन तेवढें होईल. येथें माती उपयोगी पडते. मातीच्या सासऱ्याला हात लावण्यास मर्यादा आड येत नाहीं. जिला त्यांच्यासमोर बसण्याचीहि संवय नाहीं, ती त्यांच्या वीतभर पुतळ्याला उचलूं शकते, वळवूं शकते, न पटल्यास परत ठेवूं शकते. तोंडानें उच्चारलेला शब्द मागें घेतां येत नाहीं. मातीच्या माणसाची जागा मागें घेतां येते. एवढ्या एका गोष्टीसाठीं तरी आपल्याकडे मातीला जिवंत पुतळ्यापेक्षां अधिक मान द्यावा लागेल.

केवळ उपचाराचें साधन म्हणून हें ठीक आहे; परंतु त्यावरून नात्याची परीक्षा करावयाची तर मापाचा प्रश्न येतो. नॉर्वेंतील डेव्हिड क्व्हेबॅक यानें बुद्धिबळासारख्या पण शंभर घरांच्या चौरस पटावर लाकडी माणसें मांडण्याची रीत काढली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत स्वित्झर्लंडमधील थॉमस गेरिंग यानें नऊ गुणिलें नऊ, म्हणजे एक्याऐंशीं घरांचा पट घेतला. त्याच्या लाकडी माणसांच्या चेहऱ्यावर हंसूं नाहीं, रडूं नाहीं. त्यांच्यांतलें अंतर हें जवळिकीचें माप. आणि त्यांच्या पायांखालीं ठेवण्याकरितां तीन उंचीचे ठोकळे, हें घरांतल्या सत्तेचें माप. मांडणी एकदां करून भागत नाहीं. नेहमीं घर कसें असतें, कसें असावें असें वाटतें, आणि भांडण झालें म्हणजे कसें होतें, अशा तीन मांडण्या करवितात. शिवाय प्रत्येकाकडून वेगळी, आणि मग सर्वांकडून मिळून एक. या पद्धतीचा खरा लाभ आंकड्यांत नसून या निरनिराळ्या मांडण्यांतील फरकांत आहे. बाप म्हणतो घर असें, मूल म्हणतें तसें. या दोहोंतला कोण खरा, हा प्रश्न तेथें गैरलागू ठरतो, आणि दोघांना एकाच छपराखालीं दोन घरें कां दिसतात, हा प्रश्न उभा राहतो.

आतां त्या मुलाच्या पाटाकडे पुन्हां यावें. ज्याच्याजवळ अर्थाचा तयार कोश आहे त्याला हा पाट वाचावयास क्षणाचाहि विलंब लागणार नाहीं. बाप सर्वांत शेवटीं केला, सर्वांत लहान केला, दूर ठेवला, पाठमोरा केला : मुलाच्या मनांत पित्याविषयीं वैर आहे! किती सोपें, आणि किती चुकीचें. बाई कोश उघडीत नाहींत. बोट दाखवून विचारतात, 'हे काय करताहेत?' मुलगा म्हणतो, 'बाबा निजलेत. रात्रपाळी आहे. आवाज करायचा नाहीं.' 'आणि लहान कां?' 'माती संपली.'

प्रक्षेपण-पद्धतीचा सर्वांत मोठा शत्रु तिचा अतिउत्साही वाचक हाच होय. २००० सालीं स्कॉट लिलियनफेल्ड, जेम्स वुड व हॉवर्ड गार्ब या तीन मानसशास्त्रज्ञांनीं डागांची, चित्रांवरील गोष्टींची आणि मनुष्याकृति काढण्याची अशा तिन्ही प्रकारच्या कसोट्यांची कठोर छाननी केली. कांहीं मोजक्या बाबी सोडल्या तर त्यांवरून काढलेल्या अनुमानांना पुराव्याचा आधार फार थोडा, असें त्यांना आढळलें. मातीच्या बाबतींत तर जास्तच सावध राहावयास हवें. शाडू वाळतांना आकसतो, बारीक हात आधीं तडकतात. तुटलेल्या हातावरून दुबळेपणाचा सिद्धान्त काढणाऱ्यानें आधीं चार दिवस मूर्तीच्या कारखान्यांत उमेदवारी करावी. आजी रुंद केली याचें कारण ती खरोखरच रुंद असेल. म्हणून जाणते उपचारक मातीच्या मांडणीला उत्तर मानीत नाहींत, प्रश्न मानतात. आणि त्या प्रश्नाचा अर्थ सांगण्याचा पहिला अधिकार घडवणाऱ्याचा. शहाण्या सुरतीं हौशी पालकांनींहि येथें एक पथ्य पाळावें. हें ऐकून आज सायंकाळींच आपल्या मुलापुढें मातीचा गोळा टाकून त्याची परीक्षा घेण्याचा मोह होईल, तो आवरावा. मुलाच्या खेळांत एकदां परीक्षक शिरला कीं तें मूल खेळावयाचें सोडून परीक्षा देऊं लागतें.

अंतराच्या मापालाहि देशकालाची मेख आहे. सून सासऱ्यापासून चार घरें दूर उभी असली तर एक्याऐंशीं घरांच्या पटावर ती तुटलेपणाची खूण ठरेल. आपल्याकडे तो अदब असूं शकतो, आणि त्याच्या आड दाट मायाहि असूं शकते. उलट नवराबायकोला सर्वांसमक्ष अगदीं खेटून मांडलें नाहीं, म्हणजे त्यांचें पटत नाहीं, असें कोणीं मराठी माणूस म्हणणार नाहीं. त्याहून अवघड प्रश्न कुटुंबांत कोणाला धरावयाचें हा. 'घरचीं माणसें कर' म्हटल्यावर एखादें मूल मुंबईचे काका करतें, एखादें गोठ्यांतला बैल करतें, एखादें भिंतीवरच्या तसबिरींतला मनुष्य करतें. परदेशी पेटींत अशा माणसांकरितां खेळणें नसेलहि. मातीच्या गोळ्यांत मात्र सर्वांना जागा असते.

मुलाचें दुखणें एकट्या मुलाचें नसतें, ही जाणीव या प्रांताला अगदीं परकी नाहीं. मुंबईंत सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें १९३६ सालीं समाजकार्याचें विद्यालय निघालें, आणि लगेच १९३७ सालीं त्यानें बालमार्गदर्शनाचें केंद्र उघडलें. तेथें मुलाबरोबर त्याच्या घराचाहि विचार होऊं लागला. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत याहून धीट पाऊल टाकलें. रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांनीं आवारांत तंबू ठोकून राहूं दिलें, आणि उपचारांत त्यांना भागीदार केलें. युरोप-अमेरिकेंत कुटुंबाला खोलींत बोलावण्याकरितां सिद्धान्त मांडावे लागले. येथें तें आधींपासूनच दाराशीं येऊन बसलेलें असतें. येथील अडचण निराळी आहे. तें सारें एकदम आंत येतें, आणि सर्वांच्या वतीनें एकच जण बोलतो.

त्याकरितां बाईंनीं पहिली मांडणी मुलाकडून एकट्यानें करवून घेतली असती तर अधिक बरें झालें असतें, असें कांहीं उपचारक म्हणतील, आणि तें रास्त आहे. ज्याचा घरांत सर्वांत कमी अधिकार, त्याला वडीलधाऱ्यांच्या नजरेखालीं मन उघडें करावयास लावणें हा कांहीं वेळां अन्याय होतो. घरीं परतल्यावर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. दुसऱ्या बाजूनें, एकांतांत मुलाला 'कोणाला सांगणार नाहीं' असें सरसकट वचन देणेंहि योग्य नव्हे. मातीच्या माणसांच्या निमित्तानें एखादें मूल आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट बोलून गेलें, तर २०१२ च्या कायद्यानें ती पोलिसांना कळविणें ऐकणाऱ्यावर बंधनकारक आहे. नुसत्या मातीवरून तसा संशय घेऊं नये, आणि मूल बोललें असतां 'ही नुसती माती आहे' म्हणून कानाआड करूं नये. या दोन टोंकांमधील वाट अरुंद आहे, आणि तिच्यासाठीं शिक्षण घेतलेलाच मनुष्य पाहिजे.

आपल्या कल्पित घराला सुदैवानें तसलें कांहीं ग्रासलेलें नाहीं. बाई मुलाला मधल्या बाहुल्याबद्दल विचारतात. 'हा इथें काय करतो?'

'ऐकतो,' मुलगा म्हणतो. थोड्या वेळानें, 'तो असला कीं त्या बोलत नाहींत.'

आई खालीं पाहते. आजी हातांतल्या पिशवीचा बंद चाळवूं लागते. या दोघींत कोणी वाईट आहे असें नाहीं. भाकरी कोणीं भाजावी, दुकानाची उधारी कोणीं ठेवली, एवढ्याशा गोष्टींवरून आवाज चढतो. त्यांत सकाळचा माणूस रात्रपाळीहून येऊन झोंपलेला. मूल शाळेंत गेलें कीं मधें कोणी उरत नाहीं. पोट खरेंच दुखतें, सोंग नव्हे.

बाई कांहींच अनुमान सांगत नाहींत. 'आतां घर कसें असावें तसें मांड,' एवढेंच म्हणतात, आणि मातीचा आणखी एक लहान गोळा पुढें सरकवतात. मुलगा निजलेल्या बाबांना उचलून बसतें करतो. स्वतःला उचलून बहिणीशेजारीं, पाटाच्या कोपऱ्यांत ठेवतो. आई आणि आजी यांच्यांत जागा मोकळी राहते. तो नव्या मातीचा एक मनुष्य वळूं लागतो. मांडी घातलेला, डोक्यावर टोपी.

'हे कोण?'

'आजोबा. ते इथें बसायचे.'

बराच वेळ कोणी बोलत नाहीं. मग आजी, नातवाकडे न पाहतां, म्हणते, 'तिथेंच बसत. दाराच्या आंतल्या बाजूला. ते असले कीं मलाहि आवाज चढवतां येत नसे.'

दोन वर्षें सर्व घराला जें दिसलें नाहीं तें त्या बोटभर माणसानें दाखविलें : मृताची रिकामी पडलेली जागा दहा वर्षांच्या मुलानें भरून काढली होती, आणि ती सोडून शाळेंत जाण्याची त्याला भीति वाटत होती. अर्थात् हें कळलें म्हणून दुसऱ्या दिवशीं पोट दुखावयाचें थांबेल असें नव्हे. बाईंना या कुटुंबाला आणखी कित्येक वेळां बोलवावें लागेल. सुनेला तिची मांडणी आजींच्या अपरोक्ष करूं द्यावी लागेल. रात्रपाळीच्या दिवसांत सकाळीं मुलाला शाळेंत कोणीं पोंचवावयाचें, यासारखी साधी गोष्टहि ठरवावी लागेल. पण 'हट्टी' हा शब्द त्या खोलींत पुन्हां कोणीं उच्चारला नाहीं.

शेवटीं बाई वडिलांना म्हणतात, 'आतां आपण मांडा.' ते इतका वेळ खुर्चीच्या टोंकावर बसून आहेत. आपला लहानसा पुतळा ते दोन बोटांत धरतात, पाटाच्या कडेवरून उचलतात, आणि कोठें ठेवावा हें न सुचून तसाच धरून राहतात. एव्हानां माती सुकूं लागली आहे. बोटांच्या दाबानें पुतळ्याचा एक हात निखळून पाटावर पडतो. ते ओशाळून भांड्यांतल्या पाण्यांत बोट बुडवतात.

'नुसतें पाणी नको, बाबा,' मुलगा पुढें सरकून म्हणतो. 'पातळ माती लावा. मी कालवून देतो.'